चिखलाचें शास्त्र रचणारे कार्ल टेर्झागी

चिखल हा कोणाच्याहि आदराचा विषय नाहीं. पायाला लागला तर आपण तो धुऊन टाकतों. अंगणांत झाला तर त्यावर मुरूम पसरतों. परंतु मनुष्यानें बांधलेलें प्रत्येक घर, पूल व धरण शेवटीं जमिनीवरच उभें असतें, आणि ती जमीन पाण्यानें भिजलेल्या मातीची असली म्हणजे केव्हां दगा देईल याचा नेम नसतो. विसाव्या शतकाच्या आरंभीं लोखंड किती भार सोशील, लांकूड किती सोशील, हें इंजिनियर गणितानें सांगूं शकत. पण ओल्या चिकणमातीविषयीं विचारलें असतां बहुधा अनुभव व अंदाज यांवरच त्यांची भिस्त असे. त्या अंदाजाच्या जागीं शास्त्र आणण्याचें श्रेय ज्यांस मुख्यत्वें दिलें जातें, त्या कार्ल टेर्झागी यांचें चरित्र आमच्या विद्यार्थ्यांपुढें थोडक्यांत ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

असें करण्यास दोन कारणें आहेत. एक तर त्यांनीं आपला मुख्य शोध एका मिशनरी गृहस्थाच्या खटपटीनें स्थापन झालेल्या विद्यालयांत, अगदीं तुटपुंज्या साधनांनीं लावला. दुसरें असें कीं, समुद्राच्या तळाशीं मोठे भूकंप कसे सिद्ध होतात याचा जो अभ्यास आज चालला आहे, त्याच्या मुळाशीं त्यांचाच एक विचार आहे. आणि तशा एका भूकंपाची लाट एकदां आपल्या मुंबईच्या किनाऱ्यावरहि येऊन आदळली आहे.

टेर्झागी यांचा जन्म २ ऑक्टोबर १८८३ रोजीं प्राग शहरीं झाला. तें शहर त्या वेळीं ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यांत होतें. वडील सैन्यांत अधिकारी होते; ते सेवानिवृत्त झाल्यावर कुटुंब ग्राट्स येथें राहावयास गेलें. घराण्याच्या रीतीस अनुसरून कार्ल यांस वयाच्या दहाव्या वर्षीं लष्करी शाळेंत घालण्यांत आलें. तेथें कवाइतीपेक्षां भूगोल व ज्योतिष या विषयांतच त्यांचें मन अधिक रमे. १९०० सालीं त्यांनीं ग्राट्सच्या तंत्रविद्यालयांत यंत्रशास्त्राच्या अभ्यासक्रमांत नांव घातलें. तेथें ते आदर्श विद्यार्थी होते असें मात्र म्हणतां येणार नाहीं. दांडगाईपायीं एकदां त्यांस विद्यालयांतून काढून टाकण्याची वेळ येऊन ठेपली होती. तें संकट टळलें आणि १९०४ सालीं त्यांनीं सन्मानपूर्वक पदवी मिळविली. पुढें एक वर्ष सक्तीच्या लष्करी नोकरींत असतांना, रिकाम्या वेळीं, त्यांनीं गाइकी या स्कॉटिश भूगर्भशास्त्रज्ञाच्या एका इंग्रजी पुस्तकाचें जर्मन भाषांतर केलें. यंत्रांची पदवी घेतलेल्या तरुणास दगडमातीची गोडी लागली ती अशी.

नंतर त्यांनीं व्हिएन्नाच्या एका बांधकाम कंपनींत नोकरी धरली. क्रोएशियांतील चुनखडीच्या प्रदेशांत जलविद्युत् प्रकल्पाच्या कामावर ते होते. रशियांत सेंट पीटर्सबर्ग येथें अडचणींत सांपडलेलें एक बांधकाम त्यांनीं मार्गीं लावलें. १९१२ सालीं त्यांस डॉक्टरची पदवी मिळाली. परंतु या सर्व कामांत एक गोष्ट त्यांच्या मनास टोंचत राहिली. इमारतीच्या वरच्या भागाचें गणित चोख असे. पाया मात्र कोठें खचे, कोठें धरणाखालून पाणी वाट काढी, आणि असें कां झालें हें कोणासहि नीट सांगतां येत नसे. याचा उलगडा व्हावा म्हणून ते त्याच वर्षीं अमेरिकेस गेले. पश्चिमेकडील प्रदेशांत मोठमोठीं धरणें उभीं राहत होतीं. तेथें जमीन कोणती, पाया कसा, काम टिकलें कीं फसलें, याची माहिती गोळा केली म्हणजे नियम आपोआप हातीं येतील, अशी त्यांची कल्पना होती. माहिती पुष्कळ जमली, पण नियम हातीं आला नाहीं. वाळू, गाळ, चिकणमाती हीं नुसतीं नांवें होतीं. एकाच नांवाच्या दोन माती निरनिराळ्या रीतीनें वागत. १९१३ च्या अखेरीस ते निराश होऊन मायदेशीं परतले.

इतक्यांत पहिलें महायुद्ध सुरू झालें व टेर्झागी यांस सैन्यांत जावें लागलें. ऑस्ट्रिया व तुर्कस्तान हे त्या युद्धांत एकाच पक्षाचे असल्यानें १९१६ सालीं त्यांची नेमणूक इस्तंबूलच्या सरकारी इंजिनियरिंग विद्यालयांत अध्यापक म्हणून झाली. १९१८ सालीं त्यांचा पक्ष हरला आणि ती जागा गेली. अशा वेळीं त्यांस आश्रय दिला तो तेथील रॉबर्ट कॉलेजनें. हें कॉलेज अमेरिकनांचें, आणि अमेरिका तर कालपर्यंत ऑस्ट्रियाशीं लढत होती. पराभूत देशाच्या निराधार अध्यापकास शत्रूच्या देशांतील लोकांनीं चालविलेल्या विद्यालयानें जवळ केलें, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

रॉबर्ट कॉलेजची स्थापना १८६३ सालीं मिशनरी सायरस हॅम्लिन व न्यूयॉर्कचे व्यापारी क्रिस्टोफर रॉबर्ट यांनीं बॉस्फरसच्या कांठीं केली होती. हॅम्लिन हे हातानें काम करणारे गृहस्थ होते. क्रिमियाच्या युद्धांत जखमी शिपायांचे कपडे धुण्यासाठीं त्यांनीं रिकाम्या पिंपांचीं यंत्रें बनविलीं होतीं. त्यांच्याच कॉलेजांत, पाऊणशें वर्षें उलटण्याच्या आंत, टेर्झागी यांनीं तशीच युक्ति केली. संशोधनास पैसा नव्हता आणि मातीच्या परीक्षेचीं उपकरणें जगांत कोठेंच तयार मिळत नव्हतीं. तेव्हां सिगारच्या रिकाम्या पेट्या, स्वयंपाकघरांतील भांडीं व अडगळींत पडलेल्या वस्तु यांतून त्यांनीं आपलीं उपकरणें जुळविलीं. अमेरिकेंत मोठीं धरणें पाहून जें साधलें नाहीं तें आतां मुठींत मावेल एवढ्या मातीच्या वडीवर साधावयाचें त्यांनीं ठरविलें. वडीवर ठराविक वजन ठेवावें, ती किती दबते व किती वेळांत दबते हें मोजावें, मग वजन वाढवावें, असा त्यांचा क्रम वर्षानुवर्षें चालला.

त्यांतून जें निघालें तें समजण्यास आपल्या घरांतील एक उदाहरण पुरे आहे. श्रीखंडासाठीं चक्का करावयाचा असला म्हणजे दही फडक्यांत बांधून टांगतात. पाणी ठिबकत जातें. गोळा लहान होतो आणि घट्ट होतो. घाईनें पिळूं लागलें तर दही घट्ट होण्याआधींच फडक्यांतून बाहेर येतें. ओल्या चिकणमातीचेंहि असेंच आहे. तिच्या कणांमध्यें असंख्य सूक्ष्म छिद्रें असतात व तीं पाण्यानें भरलेलीं असतात. अशा मातीवर एकाएकीं भार घातला तर आरंभीं तो कण उचलीत नाहींत. छिद्रांतील पाणी उचलतें. तें पाणी फारसें दबत नाहीं, आणि वाटा बारीक असल्यामुळें त्यास लवकर बाहेरहि पडतां येत नाहीं. म्हणून त्याचा दाब वाढतो. पाण्याला स्वतःची पकड मुळींच नसते, त्यामुळें अशा वेळीं माती दुबळी राहते. जसजसें पाणी झिरपून जाईल तसतसा भार पाण्यावरून कणांवर येतो, कण एकमेकांस भिडतात, छिद्रें आकसतात आणि माती मजबूत होते. एकूण दाबांतून पाण्याचा दाब वजा करावा. जो उरेल तोच कणांवर पडतो आणि मातीचें बळ त्या उरलेल्या दाबावर अवलंबून असतें. हेंच टेर्झागी यांच्या शास्त्राचें मुख्य सूत्र होय. त्यास प्रभावी दाबाचें तत्त्व म्हणतात.

पाणी निघून जाण्यास किती काळ लागेल याचेंहि गणित त्यांनीं बसविलें आणि तें १९२३ सालीं व्हिएन्नाच्या विज्ञान अकादमीमार्फत प्रसिद्ध केलें. तापलेल्या वस्तूंतून उष्णता जशी पसरत जाते तशाच नियमानें मातींतील पाण्याचा वाढलेला दाब ओसरत जातो, असें त्यांस आढळून आलें. त्यावरून निघणारा एक सिद्धान्त विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावा. मातीचा थर दुप्पट जाड असला तर पाणी निघून जाण्यास दुप्पट नव्हे, चौपट वेळ लागतो; दहापट जाड असला तर शंभरपट लागतो. इटलींतील पिसा येथील कलता मनोरा हें याचें प्रसिद्ध उदाहरण आहे. त्याचें काम ११७३ सालीं सुरू झालें, पण कांहीं मजले झाल्यावर तें जवळजवळ शंभर वर्षें बंद पडलें. त्या अवधींत खालच्या चिकणमातींतील पाणी हळूहळू निघून गेलें व ती घट्ट झाली. काम तसेंच रेटलें असतें तर मनोरा बांधतां बांधतांच कोसळला असता, असें आजचे तज्ज्ञ सांगतात.

१९२५ सालीं टेर्झागी यांचा या विषयावरील जर्मन ग्रंथ व्हिएन्ना येथें प्रसिद्ध झाला आणि मृदायांत्रिकी या नव्या शास्त्राचा जन्म त्या ग्रंथापासून धरला जाऊं लागला. त्याच वर्षीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यालयानें त्यांस बोलाविलें. १९२९ सालीं ते व्हिएन्नास प्राध्यापक होऊन परतले. १९३० सालीं रुथ डॉगेट या अमेरिकन विदुषीशीं त्यांचा विवाह झाला. त्या स्वतः भूगर्भशास्त्रज्ञ होत्या. खडकांतील भेगा मोजतांना होणारी चूक कशी सुधारावी हें त्यांनीं पुढें दाखविलें व ती रीत त्यांच्या नांवानें चालते. १९३६ सालीं हार्वर्ड येथें मृदायांत्रिकीची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिचें अध्यक्षस्थान टेर्झागी यांस देण्यांत आलें.

येथें एक दुःखद प्रकरण सांगणें प्राप्त आहे. थोर पुरुषाचें चरित्र लिहितांना अशा गोष्टी गाळण्याचा मोह होतो. पण तसें केल्यास विद्यार्थ्यांची दिशाभूल होईल. व्हिएन्नाच्या त्याच विद्यालयांत पाउल फिलुंगर नांवाचे बलशास्त्राचे प्राध्यापक होते. तेहि १८८३ सालींच जन्मलेले. सच्छिद्र पदार्थांतील पाण्याच्या दाबाचा विचार त्यांनीं टेर्झागी यांच्याहि पूर्वीं केला होता. टेर्झागी यांचें गणित त्यांस पटत नव्हतें. १९३६ च्या अखेरीस त्यांनीं एक पुस्तिका छापून टेर्झागी यांवर कडक हल्ला केला. तींत शास्त्रीय आक्षेपांबरोबर त्यांच्या हेतूविषयींहि आरोप होते. विद्यालयानें चौकशीसाठीं समिति नेमली. मुख्य प्रश्नावर समितीचा कल टेर्झागी यांच्या बाजूचा झाला. मार्च १९३७ मध्यें फिलुंगर व त्यांची पत्नी या दोघांनीं आपल्या जीविताचा अंत करून घेतला.

पुढील पिढीच्या अभ्यासकांनीं हें प्रकरण शांतपणें तपासलें. पायाच्या कामीं टेर्झागी यांचें गणित खरें उतरलें होतें व आजहि उतरतें. पण घन कण आणि पाणी या दोहोंचा एकत्र विचार करणारी अधिक व्यापक मांडणी फिलुंगर यांच्या त्या पुस्तिकेंतच होती, हेंहि त्यांस दिसून आलें, आणि सच्छिद्र पदार्थांच्या शास्त्राचे एक आद्य पुरुष म्हणून फिलुंगर यांस मान मिळाला. तात्पर्य, दोघांच्याहि हातीं सत्याचा अंश होता. आरोप आणि आक्षेप यांची एकच मोट बांधली गेली, आणि शांतपणें सुटण्याजोगा प्रश्न दोन जिवांवर बेतला. वादांत प्रतिपक्षाच्या गणिताचा दोष दाखवावा, त्याच्या मनाचा न्याय आपण करूं नये, एवढें तरी यांतून शिकण्यासारखें आहे.

१९३८ सालीं टेर्झागी ऑस्ट्रिया सोडून अमेरिकेस गेले व हार्वर्ड विद्यापीठांत शिकवूं लागले. शिकागो शहराखालीं मऊ चिकणमातींतून रेल्वेचे बोगदे खणावयाचे होते. त्या कामीं त्यांचा सल्ला घेण्यांत आला. १९४३ सालीं ते अमेरिकेचे नागरिक झाले. १९४८ सालीं राल्फ पेक यांच्यासह लिहिलेलें त्यांचें पाठ्यपुस्तक जगभर गेलें. अमेरिकेंतील इंजिनियरांच्या संस्थेनें आपलें नॉर्मन पदक त्यांस चार वेळां दिलें. कॅनडांत ब्रिटिश कोलंबिया प्रांतांतील मिशन धरण हें त्यांच्या शेवटच्या मोठ्या कामांपैकीं एक. दबणाऱ्या मातीच्या थरावर उभारलेल्या त्या धरणास पुढें १९६५ सालीं त्यांचेंच नांव देण्यांत आलें. तो सोहळा पाहण्यास मात्र ते हयात नव्हते. २५ ऑक्टोबर १९६३ रोजीं, वयाच्या ८० व्या वर्षीं, अमेरिकेंतील विंचेस्टर गांवीं त्यांचें देहावसान झालें होतें.

आतां समुद्रतळाकडे वळूं. टेर्झागी यांचें सूत्र इमारतींच्या पायापुरतें नाहीं, तें पृथ्वीच्या कवचासहि लागू पडतें, हें १९५९ सालीं हबर्ट व रुबी या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें. खोल थरांतील पाण्याचा दाब वाढला म्हणजे वरच्या अजस्त्र खडकांचा भार जणूं हलका होतो आणि ते सहज सरकूं शकतात, असें त्यांनीं सिद्ध केलें. पृथ्वीचें कवच मोठमोठ्या तुकड्यांचें बनलेलें आहे. कित्येक ठिकाणीं समुद्राखालचा तुकडा शेजारच्या तुकड्याखालीं वर्षास कांहीं सेंटिमीटर याप्रमाणें शिरत असतो. या क्रियेस अधोगमन म्हणतात. समुद्रतळावर लाखों वर्षें साठलेला गाळहि त्याच्याबरोबर खालीं ओढला जातो. ताज्या गाळांत निम्म्याहून अधिक भाग पाण्याचाच असतो. वरून भार वाढत जातो, आणि इस्तंबूलच्या त्या वडीप्रमाणें हा गाळहि दबूं लागतो, त्यांतील पाणी बाहेर पडूं लागतें. आणखी खोल गेल्यावर उष्णतेनें चिकणमातीच्या खनिजांत बांधलेलें पाणीहि सुटतें. हें पाणी निघून गेलें तर गाळाचा खडक होतो व दोन तुकड्यांची पकड बसते. अडकून राहिलें तर तो सांधा दुबळा राहतो. कोणता सांधा वर्षानुवर्षें घट्ट राहून एके दिवशीं धक्क्यानें सुटेल आणि कोणता हळूहळू घसरेल, हें ठरविणाऱ्या कारणांपैकीं हें एक मोठें कारण आहे.

इतक्या खोल असलेलें पाणी दिसावें कसें? जपानच्या दक्षिणेस नानकाई नांवाची सागरी गर्ता आहे. तेथें १९४४ व १९४६ सालीं भयंकर भूकंप झाले. तेथील सांध्यापर्यंत पोहोंचण्यासाठीं चिक्यू या जहाजानें २००७ पासून समुद्रतळास भोंकें पाडलीं. एक भोंक ३ किलोमीटरांहून अधिक खोल गेलें, तरी सांधा त्याच्याहि खालींच राहिला. म्हणून शास्त्रज्ञ लहरींची मदत घेतात. जहाजावरून आवाजाचे धक्के पाण्यांत सोडतात. त्यांच्या लहरी तळांतील थरांतून जाऊन परत येतात व त्यांस किती वेळ लागला हें मोजतात. समुद्राच्या पाण्यांत अशा लहरींचा वेग सेकंदास सुमारें १.५ किलोमीटर असतो आणि ताज्या गाळांत त्याहून किंचितच अधिक. पाणी निघून जाऊन गाळ घट्ट झाला म्हणजे तो ३ किंवा ४ किलोमीटरपर्यंत वाढतो. अर्थात् वेगावरून छिद्रें किती उरलीं आहेत याचा अंदाज करतां येतो. जेथें खोलीच्या मानानें वेग फार कमी भरतो, तेथें पाणी अडकलेलें आहे व त्याचा दाब वाढलेला आहे असा संशय घेतात. नानकाईच्या सांध्यालगत असे मंदवेगाचे पट्टे सांपडले आहेत. त्या वेगावरून दाबाचा हिशेब करतांना शास्त्रज्ञ सिगारच्या पेट्यांतून निघालेलें तेंच वजाबाकीचें सूत्र वापरतात.

आपल्या अरबी समुद्राच्या उत्तरेस मकराणचा किनारा आहे. तेथेंहि असेंच अधोगमन चालू आहे आणि खालीं जाणाऱ्या तुकड्यावर सुमारें ७ किलोमीटर जाडीचा गाळ आहे. दबलेल्या गाळांतील पाणी व वायु तेथें चिखलासह जमिनीवर येतात. हिंगलाजच्या यात्रेकरूंस ठाऊक असलेला चंद्रगूप हा असाच चिखलाचा ज्वालामुखी होय. २८ नोव्हेंबर १९४५ रोजीं पहांटेपूर्वीं तेथें मोठा भूकंप झाला, किनाऱ्याजवळ चिखलाचीं बेटें वर आलीं, आणि समुद्राच्या लाटा कांहीं तासांत मुंबईस येऊन थडकल्या. तेथें माणसें वाहून गेलीं. त्या दिवशीं मुंबईच्या लोकांस आपल्यावर आलेल्या संकटाचें मूळ दूरच्या समुद्राखालीं आहे हें कोठून ठाऊक असणार? आज तेथील गाळांत लहरींचे वेग मोजले जातात. त्यावरून भूकंपाचा दिवस सांगतां येत नाहीं. पण धोका कोठें आहे तें कळतें, आणि किनाऱ्यावरील लोकांस सावध करण्याची तजवीज करतां येते.

विद्यार्थी मित्रहो, आमच्या प्रयोगशाळेंत उपकरणें थोडीं आहेत अशी तक्रार तुमच्यापैकीं पुष्कळांच्या तोंडून आम्हीं ऐकली आहे, आणि ती अगदींच खोटी नाहीं. परंतु पुढच्या पावसाळ्यांत क्रीडांगणाच्या कडेची ओली माती एका डब्यांत घ्या. डब्याच्या बुडास भोंकें पाडून आंत फडकें घाला. मातीवर वजन ठेवा, आणि ती रोज किती खालीं गेली हें वहींत टिपून ठेवा. आठ दिवसांनीं ती वही आम्हांस दाखवा. रॉबर्ट कॉलेजांतील त्या अध्यापकानें आरंभ केला तो याहून फार मोठ्या सामग्रीनें केला नव्हता.